बोधापलीकडचे पुस्तक

मुलांसाठी पुस्तक घेताना आपल्या घरांत दोनच प्रश्न विचारले जातात : यात बोध काय, आणि यात आपले कोणी आहे का? दोन्ही रास्त आहेत. पण पुरेसे नाहीत, असे आम्हाला वाटते.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (१९३३) घ्या. हमीद तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो, हे सर्वांना ठाऊक. पण मिठाई पाहून त्याच्याही तोंडाला पाणी सुटते, सोबत्यांची खेळणी हातात घ्यावीशी वाटतात, आणि मग चिमट्याच्या बाजूने तो हिरिरीने वाद घालतो. संक्षिप्त आवृत्तीत ही ओढ आणि हा वाद गाळला असेल, तर हमीद उरत नाही. आज्ञाधारक पुतळा उरतो.

माहितीपर पुस्तकांचेही तसेच. इब्न अल्-हैसम (सुमारे ९६५-१०४०) यांच्याविषयी ‘आपल्या पूर्वजांनी सारे आधीच शोधले’ एवढेच सांगणारे पुस्तक मुलाची मान ताठ करते, डोळे उघडत नाही. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात, हे युक्लिड-टॉलेमींचे मत त्यांनी नाकारले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. एक झाकला की भिंतीवरचा त्याचाच उजेड नाहीसा होई. हा प्रयोग समजावणारे पुस्तक आम्ही पसंत करू.

मोहल्ल्यातल्या वाचनालयाकडे पैसे थोडेच असतात. म्हणून कथेत मुलाचे मन खरे आहे का, आणि माहितीत ‘हे कसे कळले’ ते सांगितले आहे का, हे आधी पाहावे. बोध आणि अभिमान मागून येतील.