मध्य नसलेली गोष्ट : माइक टायसनच्या पहिल्या फेऱ्या

संयोजकांनी विषय ऐकल्यावर मला दोनदा विचारलं, "सर, नक्की बॉक्सिंगच?" मी म्हटलं, नक्की. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण ॲरिस्टॉटलचं एक वाक्य शिकवताना मला दर वेळी माइक टायसनच आठवायचा. वर्गात ते बोलायची हिंमत झाली नाही. आता निवृत्त आहे, बोलतो.

ॲरिस्टॉटल शोकांतिकेबद्दल म्हणतो की पूर्ण कृतीला आरंभ असतो, मध्य असतो आणि अंत असतो. मुलं जांभया देत, कारण यात नवं ते काय? पण अशी एखादी गोष्ट समोर आणा, जिला आरंभ आहे, अंत आहे, आणि मध्यच नाही. मग त्या वाक्याचं वजन कळतं. पहिल्या फेरीतला नॉकआउट ही तशी गोष्ट. घंटा होते आणि माणूस पडतो. प्रेक्षक अजून खुर्चीत नीट टेकलेला नसतो.

टायसनची व्यावसायिक कारकीर्द सुरूच अशी झाली. ६ मार्च १९८५, ऑल्बनी शहर, समोर हेक्टर मर्सिडीझ, पहिली फेरी, संपलं. पहिल्या १९ लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या, त्यांतल्या १२ पहिल्याच फेरीत. आज या सगळ्यांच्या फिती एकापुढे एक जोडलेल्या सापडतात. दहा-बारा मिनिटं माणसं नुसती पडत राहतात. मी त्या पाहिल्यात, आवडीने पाहिल्यात, खोटं कशाला बोलू. पण माझी तक्रार आहे ती याच फितींबद्दल. त्या एकच गोष्ट सांगतात : ताकद. समालोचकही तेच ओरडतात. आता, माणूस का पडला, तर मारणाऱ्यात ताकद होती म्हणून, हे काही उत्तर झालं नाही. मोलिएरच्या एका नाटकात वैद्य होऊ घातलेला उमेदवार सांगतो की अफूने झोप येते, कारण अफूत झोप आणण्याचा गुण असतो. त्यातलीच ही गत. ताकदीचे हेवीवेट पुष्कळ होऊन गेले. सगळ्यांची माणसं तिसाव्या सेकंदाला पडत नव्हती.

तिसाव्या सेकंदाचीच लढत घेऊ. २६ जुलै १९८६, न्यूयॉर्क राज्यातलं ग्लेन्स फॉल्स नावाचं गाव. समोर मार्विस फ्रेझर, म्हणजे ज्याने महंमद अलीला हरवलं त्या जो फ्रेझरचा मुलगा. आणि मुलाच्या कोपऱ्यात स्वतः जो. मार्विस बापासारखा वाकून, डोकं पुढे घालून लढायचा. जो फ्रेझरला ते शोभत होतं, कारण त्या वाकण्यातून त्याचा डावा हुक सुटायचा. मार्विसकडे ते वाकणं आलं, तो हुक आला नाही. टायसनने त्याला ढकलत कोपऱ्यात नेलं आणि खालून उजवा अपरकट घातला. वाकलेल्या माणसाला वरून मारून उपयोग नसतो, खालून मारावं लागतं. म्हणजे ही नुसती ताकद नव्हती. समोरच्याची ढब वाचून दिलेलं ते उत्तर होतं. मार्विस तीन वर्षांपूर्वी लॅरी होम्सकडूनही पहिल्याच फेरीत हरला होता, तेव्हा त्या ढबीची उणीव कोपऱ्यातल्या माणसांना ठाऊक नसेल असं म्हणवत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला पहिल्या चार-पाच वेळा दिसलीच नव्हती. अपरकटनंतर मार्विस पडत नाही. कोपऱ्यातल्या दोरांनी त्याला उभं धरलेलं असतं. शुद्ध हरपत चाललेला माणूस, दोरांमुळे उभा, आणि वरून ठोसे. मग तो बसल्यासारखा खाली सरकतो आणि बाप आत धावतो. आपण ज्याला तीस सेकंद म्हणतो, त्यातले शेवटचे काही सेकंद लढतीचे नाहीतच. घरी हे पाहताना मी दाद दिली होती, चांगला मोठ्याने "वा!" म्हणालो होतो. आमच्या सौ. शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याचे वडील तिथेच आहेत हो." यावर मला अजून काही उत्तर सुचलेलं नाही.

आता मध्याकडे येतो. माझं म्हणणं असं की चांगल्या पहिल्या-फेरी-नॉकआउटला मध्य असतो, फक्त तो रिंगच्या बाहेर घडून गेलेला असतो. आपल्याकडचं उदाहरण देतो. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती झाली. झ्बिश्को पालथा पडून मॅटला चिकटून राहिला, दोन तासांहून अधिक वेळ झाला, निकाल नाही. १९२८ मध्ये पतियाळाला तेच दोघे पुन्हा भिडले आणि गामाने मिनिटभराच्या आत त्याला चीत केलं. हे मिनिट मिनिटाचं नाही, अठरा वर्षांचं आहे. तसंच जो लुईचं. १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडलं. २२ जून १९३८ ला यांकी स्टेडियममध्ये लुईने १२४ सेकंदांत तो हिशेब मिटवला. मधल्या दोन वर्षांत जर्मनीत काय चाललं होतं ते आपण जाणतो, त्यामुळे ती लढत दोन माणसांपुरती उरलीच नव्हती.

या कसोटीवर टायसनच्या बहुतेक पहिल्या फेऱ्या रिकाम्या निघतात. मर्सिडीझच्या आधी काय होतं? काही नाही. हेन्री टिलमनचा अपवाद करा. त्याने १९८४ मध्ये हौशी बॉक्सिंगमध्ये टायसनला दोनदा हरवलं, त्याच्या जागी ऑलिंपिकला गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. १९९० मध्ये टायसनने त्याला पहिल्या फेरीत पाडलं. हिशेब आहे, पण तोवर टिलमन उतरणीला लागलेला होता. ती वसुली फार उशिरा झाली.

खरी लढत एकच. २७ जून १९८८, अटलांटिक सिटी, मायकेल स्पिंक्स, ९१ सेकंद.

स्पिंक्स साधा माणूस नव्हता. १९७६ चं ऑलिंपिक सुवर्ण त्याच्याकडे होतं. लाइट हेवीवेटचा तो निर्विवाद जगज्जेता. मग वजन वाढवून वरच्या गटात आला आणि १९८५ मध्ये लॅरी होम्सला हरवलं, तेही होम्स मार्सियानोच्या ४९ विजयांच्या विक्रमापासून एकच पाऊल दूर असताना. ३१ लढती, एकही हार नाही. हा माणूस रिंगमध्ये येतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. लढतीचा मध्य तिथे आहे. टायसन झगा न घालता, मोजे न घालता, काळी चड्डी आणि काळे बूट एवढ्यावर आलेला असतो. हा साधेपणाही शिकून घेतलेला. त्याच्या व्यवस्थापकांपैकी जिम जेकब्सकडे जुन्या लढतींच्या फितींचा मोठा साठा होता आणि टायसन त्या तासन् तास बघायचा. डेम्प्सीच्या काळातली माणसं त्याने अंगात मुरवून घेतली होती.

त्याचा गुरू कस डामाटो. तो भीतीला विस्तवाची उपमा द्यायचा : ताब्यात असला तर रांधतो, सुटला तर घर जाळतो. पहिल्या फेरीत पडणं म्हणजे काय, हे डामाटोला दुसऱ्या बाजूने ठाऊक होतं. त्याच्या हाताखाली घडलेला जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन १९६२ मध्ये शिकागोत सनी लिस्टनकडून पहिल्याच फेरीत पडला आणि खोटी दाढी लावून शहराबाहेर गेला. पुढच्या वर्षी पुन्हा लिस्टन, पुन्हा पहिली फेरी. मला वाटतं, टायसन घडवताना डामाटोने पॅटरसनची भीती लिस्टनच्या हातात ठेवून दिली. पुरावा मागू नका, हे माझं वाचन आहे.

तर स्पिंक्स. त्याने सुरुवातीला हलून पाहिलं, धरून पाहिलं. साधारण मिनिटभराने बरगड्यांवर उजवा बसला आणि तो गुडघ्यावर गेला. उठला. इथे त्याला पळता आलं असतं, मिठी मारता आली असती. त्याने उजवा हात टाकला. हा मला त्या रात्रीचा सर्वात मोठा क्षण वाटतो : घाबरलेला माणूस लढायचं ठरवतो. तो ठोसा चुकला, टायसनचा डावा निसटता गेला, मागून आलेला उजवा नेमका बसला. स्पिंक्स पाठीवर. त्यानंतर तो पुन्हा कधीच लढला नाही. समालोचनात स्पिंक्सची भीती येते, त्याचा तो उजवा हात येत नाही. मला हा अन्याय वाटतो.

पुढच्या लढतींवर फार वेळ घालवत नाही. १९८९ ची कार्ल विल्यम्सची, ९३ सेकंद : समोरून जॅब येत असतानाच सोडलेला डावा हुक सुंदर आहे, उठून उभ्या राहिलेल्या माणसाची लढत थांबवणं घाईचं होतं की नाही यावर वाद झाला. १९९६ चा ब्रूस सेल्डन मात्र विचार करायला लावतो. पाडणारा ठोसा नीट लागला की नाही हेच कळत नाही, तरी माणूस पडतो. प्रेक्षक "फिक्स, फिक्स" ओरडले, आपल्याकडे नूरा कुस्ती म्हणाले असते. मी तसं म्हणणार नाही. तिथे ठोसा नाममात्र उरला आणि सगळं काम भीतीने केलं, एवढंच म्हणेन. आणि २००० मधलं ग्लासगो : लू साव्हारीस, ३८ सेकंद, रेफरी मध्ये पडला तरी टायसनचे हात चालूच, त्यात रेफरीच खाली. ही लढत स्मरणीय म्हणून फितीत घालणाऱ्यांची मला कीव येते.

एक आक्षेप येईल, तो मीच घेतो. टायसन लांब लढलाच नाही असं नाही. १९८७ मध्ये जेम्स स्मिथ आणि टोनी टकर यांच्याशी तो पूर्ण १२ फेऱ्या लढला आणि दोन्ही जिंकला. खरं आहे. पण स्मिथ सारखा धरून राहिला, लोक कंटाळले, आणि आपण ती लढत विसरलो. स्मरणाचा दोष आपला आहे, टायसनचा नाही. मात्र लोक ज्यासाठी पैसे देतात तेच आपण आहोत असं माणसाला हळूहळू वाटू लागतं, आणि स्पिंक्सनंतर काही महिन्यांतच त्याने केव्हिन रूनी या आपल्या प्रशिक्षकाला काढून टाकलं.

११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. बस्टर डग्लस आठव्या फेरीत पडतो आणि उठतो. दहाव्या फेरीत टायसन पडतो, आयुष्यात प्रथमच. हात-गुडघ्यांवर रांगत तो आपला माउथपीस शोधतो, सापडतो, तो कसाबसा तोंडात धरतो, एक टोक बाहेरच. वर रेफरीचं मोजणं चालू असतं. तो उभा राहतो, पण उशीर झालेला असतो. ते काही सेकंद मी त्या दहा-बारा मिनिटांच्या फितींना जोडलेले अजून कुठे पाहिलेले नाहीत.

एवढंच. आता प्रश्न घेऊ, मागून सुरुवात करा.