पानदानाची झाली ज्वेलरी बॉक्स

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका सदस्याने आपल्या संग्रहातल्या चौदा जुन्या पेट्यांची छायाचित्रं दाखवली. छायाचित्रं सुरेख होती, प्रत्येक पेटीची मापंही दिली होती. पण चौदाही पेट्यांखाली ओळ एकच : ‘दागिन्यांची पेटी, दख्खन, १९वे शतक’. माझा आक्षेप या ओळीवर आहे. सदस्य माझे मित्र आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. शिवाय यातली निम्मी चूक मी स्वतः त्यांच्याआधी केली आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी बेगम बाजारात, भांड्यांच्या ओळीमागच्या एका गल्लीत, मी एक गोल बिदरी डबा घेतला. दुकानदार म्हणाला, “साब, नवाबी जेवर का डिब्बा है.” आत लाल मखमल होती. मीही खूश. घरी आणून शोकेसमध्ये ठेवला आणि आल्यागेल्याला ‘ज्वेलरी बॉक्स’ म्हणून दाखवू लागलो.

एका पावसाळ्यात मखमल सुटली. खाली फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, म्हणजे अस्तर अलीकडचं. त्याखाली कडेने आतल्या बाजूला एक खाच, जिच्यावर तबकडी टेकत असणार. आणि तळाच्या कोपऱ्यात पांढरट, खरखरीत थर. आमची नोकरी कारखान्यात गेली, त्यामुळे सवय जात नाही. थोडा थर खरवडून काचेवर घेतला, त्यावर लिंबाचा थेंब टाकला. फसफसला. चुना! (हा प्रयोग थेट डब्यावर करू नका. बिदरीत मुख्य धातू जस्त, तेही आम्लाने फसफसतं.) वजन १,६२० ग्रॅम भरलं, पाण्यात बुडवल्यावर २२५ मिलिलिटर पाणी बाहेर आलं, म्हणजे घनता ७.२. पितळ असतं तर साडेआठच्या आसपास आली असती. धातू बिदरीचाच होता, दुकानदार त्यात खोटं बोलला नव्हता. खोटी होती ती मखमल. तो डबा पानदान होता. वरची तबकडी आणि तिच्यातल्या कात, चुना, सुपारीच्या वाट्या कुणीतरी काढून घेतल्या होत्या.

का काढल्या, हे नंतर त्याच बाजारात हिंडताना कळलं. पानदान आता कुणाला नको. ‘ज्वेलरी बॉक्स’ म्हटलं की मात्र दिल्ली-मुंबईचा गिऱ्हाईक थांबतो. वाट्या सुट्या विकल्या जातात, कुंकवाच्या म्हणून, नाहीतर मोडीत. म्हणजे आपण संग्राहक जे नाव विचारत जातो, त्याप्रमाणे वस्तू कापली जाते. चुकीचं लेबल ही आमच्या मित्राच्या वहीतली निरुपद्रवी चूक नाही, ते असं.

आता पानदान म्हणजे काय ते बघू. सालारजंग संग्रहालयात बिदरीची पानदानं आहेत, आणि सुझन स्ट्राँग यांच्या १९८५ च्या बिदरीवरील पुस्तकातही हा प्रकार आहे. पण दोन्हीकडे आपली नजर नक्षीवर जाते : तारकशी आहे की तहनिशान, चांदी किती, बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून आलेला काळा रंग किती खोल. वापराकडे बघायचं राहून जातं. मुसलमान घराण्यांत बायकोला नवऱ्याकडून किंवा सासरकडून मिळणाऱ्या स्वतंत्र भत्त्याचं नावच ‘खर्च-ए-पानदान’ होतं. हे नुसतं लाडाचं नाव नव्हे. १८७७ मध्ये सासऱ्याने लग्नाच्या करारात कबूल केलेला दरमहा ५०० रुपयांचा असा भत्ता हुसैनी बेगम यांनी कोर्टात मागितला, आणि १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो मान्य केला. खटला उत्तर हिंदुस्थानातला, पण भत्त्याचा हा शब्द आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही परका नाही. तबकडीखालच्या जागेत पानांबरोबर किल्ल्या, सुटे पैसे, काढून ठेवलेली अंगठी असं बरंच काही जायचं. म्हणजे गंमत अशी की ‘जेवर का डिब्बा’ हे अगदीच खोटंही नाही. पण बाईच्या हातातली, रोज दहा वेळा उघडणारी, तिच्या पैशाची जागा एक, आणि शोकेसमधली मखमली पेटी दुसरी. वाट्या काढल्या की पहिली पुसली जाते.

मग दागिने ठेवत कशात? मराठी घरात विचाराल तर उत्तर सरळ आहे : डब्यात. आमच्या आजीचा ‘दागिन्यांचा डबा’ साधा पितळी होता, आत कापडाच्या पुरचुंड्या. पेटी होती ती फणेरपेटी. तिच्यात आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. बेगम बाजार तर सावकारांचाच. दुसऱ्या निजामाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेली ही जागा, आणि १९व्या शतकात इथल्या गोसावी, मारवाडी, गुजराती पेढ्यांनी सरकारला कर्ज दिलं. कॅरन लिओनार्ड यांचा १९८१ चा निबंध त्यावरच आहे. १८५३ मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले तेव्हा खुद्द निजामाचे हिरे गहाण पडलेले होते. गहाणाचा दागिना कापडात बांधून, गाठीवर लाखेची मोहर लावून ठेवायचा, ही सावकारी रीत. तिथे महत्त्व मोहरेला, पेटीला नव्हे.

आता त्या चौदा पेट्या. छायाचित्रांवरून माझ्या मते पाच पानदानं आहेत. त्यांतल्या चारांत खाच स्पष्ट दिसते आणि तबकडी एकातही नाही. तीन फणेरपेट्या. एक पितळी डबा, कडी-कोयंड्याचा, आणि माझ्या हिशेबाने चौदांत खात्रीने दागिन्यांचा म्हणावा असा तोच. छायाचित्र मात्र सगळ्यांत लहान त्याचंच! तिघांबद्दल हातात घेतल्याशिवाय बोलणार नाही.

उरलेल्या दोन हस्तिदंती. या कामाच्या पेट्या विशाखापट्टणला चंदनी लाकडावर हस्तिदंत चढवून, त्यात रेषा कोरून लाख भरून होत, आणि १८व्या शतकापासून त्यांचं मुख्य गिऱ्हाईक युरोपियन. अमीन जाफर यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यांना ‘दख्खन’ म्हणणं भूगोलालाही धरून नाही. शिवाय हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे, तेव्हा या कुठून आणि केव्हा आल्या याचा कागद जपून ठेवावा.

‘१९वे शतक’ याचंही तसंच. एका फणेरपेटीच्या बिजागरीचे स्क्रू छायाचित्रात मोठे करून पाहिले. डोक्यावर फुलीची खाच आहे. तो स्क्रू फिलिप्सचा, १९३० नंतरचा. बिजागरी बदललेली असू शकते, कबूल. मग तसं लिहावं. आणि एक स्क्रू काढून बघावा : टोक बोथट असेल तर तो १८५० च्या आधीचा असण्याची शक्यता, टोकदार असेल तर नंतरचा. पाच मिनिटांचं काम आहे.

मित्रांनी विचारलं, मग लेबलवर लिहू काय? मी माझ्या डब्याचं वाचून दाखवलं : ‘पानदान, बिदरी. तबकडी व वाट्या नाहीत. मखमल नंतरची, काढून पाकिटात ठेवली आहे. तळाला चुना, पुसलेला नाही. बेगम बाजारात घेतला, दुकानदाराने जेवर का डिब्बा सांगितलं.’ ते म्हणाले, एवढं कोण वाचणार. पुण्याच्या केळकर संग्रहालयात लोक अडकित्त्यांसमोर आणि करंड्यांसमोर किती वेळ उभे असतात ते मी पाहिलं आहे. तिथे वस्तू वापराच्या नावाने मांडल्या आहेत.

पाच पानदानांच्या तबकड्या शोधायला आम्ही दोघं येत्या रविवारी बेगम बाजारात जाणार आहोत. तबकडीचा व्यास खाचेवरून मोजून घेतला आहे. कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या, अकरानंतर त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.