पुसलेली गाडी

मामाने टॅक्सी तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून बघितलं आणि विचारलं, "ही कुठे बेवारस पडली होती?"

टॅक्सी म्हणजे नऊ सेंटिमीटरची प्रीमियर पद्मिनी. १:४३ स्केलचं डायकास्ट मॉडेल. मूळ रंग उतरवून मी ती काळी-पिवळी केली होती, दीड महिन्याचे शनिवार-रविवार घालवून. मामाने मुंबईत वीस वर्षं अशीच गाडी चालवली. त्याच्या पासष्टीला द्यायची म्हणून केलेली खास वस्तू. दरवाजांखाली गंज, चाकांच्या कमानींवर चिखल, बॉनेटवर उडालेला रंग, टपावरून खाली आलेले पावसाचे ओघळ. या छंदात याला वेदरिंग म्हणतात, आणि ते मला जमलंय असं मला वाटत होतं.

"जुनी दाखवलीय, मामा."

"जुनी वेगळी आणि बेवारस वेगळी. मी रोज पुसायचो रे."

हे बोलून तो चहा प्यायला लागला. मी मात्र तेव्हापासून या छंदाकडे जरा वैतागून बघतोय. हा लेख त्या वैतागातून आलाय.

छोट्या गाड्या रंगवणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला शोरूमवाल्यांचा. प्रायमर, रंगाचे पातळ हात, वर क्लिअर कोट, मग २००० ग्रिटपासून पुढे चढत जाणारे पॉलिश पेपर आणि शेवटी कंपाउंड. टपावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेषेत दिसलं की पास. दुसरा पंथ गंजवाल्यांचा. त्यांना चकाकीचा तिटकारा. गाडी जितकी खंगलेली, तितकं कौशल्य मोठं. दोन्हीकडे सर्वोच्च कौतुक मात्र एकच: "अगदी खरी वाटते!"

हे कौतुक मला आता आळशी वाटतं, कारण या आकारात खरं असं काही शक्यच नाही. साधा हिशेब करून बघा. खऱ्या गाडीवरचा रंगाचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. १:४३ मध्ये तो अडीच मायक्रॉनपेक्षा कमी हवा. आपण प्रायमर, रंग आणि क्लिअर मारतो तेव्हा सहज पन्नास मायक्रॉन होतात. म्हणजे उलट मोजलं तर माझ्या पद्मिनीच्या अंगावर दोन मिलिमीटर जाडीचा रंग बसलाय. म्हणून कडा गोलसर होतात, दरवाजांच्या फटी बुजतात, ग्रिलच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. क्लिअर जास्त झाला तर गाडी पाकातून काढलेल्या गुलाबजामसारखी दिसते. मेटॅलिक रंगातली चमकी तर स्केलप्रमाणे लहान होतच नाही. छोट्या गाडीवर ती वाळूच्या खड्यांसारखी दिसते.

रंगाचंही तेच. चकचकीत शुद्ध काळा खऱ्या टॅक्सीवर शोभतो, कारण त्यात आकाश आणि समोरची इमारत दिसते. नऊ सेंटिमीटरवर तो नुसता काळा ठिपका होतो. म्हणून अनुभवी लोक काळ्याऐवजी खूप गडद राखाडी वापरतात. टायरसाठी तामियाचा 'रबर ब्लॅक' आहे, तोही पूर्ण काळा नाही. दरवाजाची चार मिलिमीटरची फट या स्केलमध्ये एक दशांश मिलिमीटर होते. ती ठळक दिसावी म्हणून तिच्यात पातळ केलेला काळा इनॅमल सोडतात आणि बाहेर आलेला इअरबडने पुसून घेतात. पिवळ्या टपावर हाच काळा वापरला की रेघ कार्टूनमधल्यासारखी दिसते. तिथे तपकिरी लागतो.

थोडक्यात, खरं वाटावं म्हणून इथे सतत खोटं बोलावं लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कुठल्याही कलेत तेच होतं. मला विचारायचंय ते एवढंच, की आपण हे खोटं कोणाच्या बाजूने बोलतोय?

शोरूम पंथाचं उत्तर निदान स्पष्ट आहे: ते गाडीच्या बाजूने बोलतात. तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चं १:१२ मॉडेल काढलं. त्याच्या अभ्यासासाठी शुनसाकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. या वेडाबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण सुटी करून जे कळतं ते गाडी कोणाचीच नसतानाचं सत्य. तिच्यात अजून कोणी बसलेलं नसतं.

गंज पंथाचा दावा याहून मोठा आहे. आम्ही गाडीचं आयुष्य दाखवतो, असं तो म्हणतो. म्हणून त्याची तपासणीही कडक व्हायला हवी. वेदरिंगची ही भाषा बरीचशी लष्करी मॉडेलांतून आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोनोग्राम कंपनीच्या रणगाड्यांच्या किटसोबत शेपर्ड पेन यांच्या डायोरामांची पत्रकं येत. वापरलेला, मळलेला, चिखलात रुतलेला रणगाडा कसा करायचा ते पोरं त्यातून शिकली. रणगाड्याच्या बाबतीत ते रास्तच आहे. सैनिक जिथे पाय ठेवून चढतात तिथला रंग जातो, चिखल चाकाखालून वर उडतो. प्रत्येक डागाला कारण असतं.

पुढे डाग गाड्यांवर आले आणि कारणं मागेच राहिली. आज गंज बाटलीत मिळतो: ताजा गंज, जुना गंज, पावसाचे ओघळ. हेअरस्प्रेची युक्ती तर फारच मोहक आहे. खाली गंजाचा रंग द्यायचा, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा रंग. मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा रंग खपल्या निघाव्यात तसा निघतो. मीही तेच केलं होतं. करताना इतकी मजा येते, की या खपल्या इथेच का, हा प्रश्न पडतच नाही. ऑफिसात कोणी कारण न शोधता बग बंद केला तर मी त्याच्याशी तासभर वाद घालतो. इथे मी कारणाशिवाय दोनशे बग स्वतःच्या हाताने तयार केले होते.

अजून एक गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त टोचली. फेरारीला गंज लावणारे क्वचित दिसतात. गंज मिळतो टॅक्सीला, टेम्पोला, रिक्षाला. ज्या गाडीवर कोणाचं पोट असतं ती आपल्याला आपोआप खंगलेली दिसते, आणि त्या दिसण्याला आपण वास्तव म्हणतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीला कमी पडलेले पैसे मामाने दिले होते. ते याच काळ्या-पिवळ्या गाडीतून आले होते. आणि मी ती भंगारात काढून त्याला भेट देत होतो.

मुंबईच्या खाऱ्या हवेत पद्मिनी गंजायची, हे खरंच आहे. पण गंज दिसू देणं टॅक्सीवाल्याला परवडत नसे. आरटीओत पासिंग असायचं, गिऱ्हाईक असायचं. पत्रा खाल्ला की गॅरेजमध्ये ठोकायचा, लांबी भरायची, वर रंग मारायचा. म्हणजे जुन्या टॅक्सीवर दिसायचे ते दोन काळे: एक ऊन-पाण्याने मंद झालेला आणि एक परवाच मारलेला, जास्त चकचकीत. मध्ये लांबीचा किंचित उंचवटा. हे बाटलीत मिळत नाही.

मग मी मामाला विचारत बसलो. गाडी कुठे झिजायची? उजव्या खिडकीच्या कडेवर, जिथे त्याचं कोपर टेकायचं. डिकीच्या झाकणावर, एकाच जागी, जिथे तळहात आपटून ती बंद करायची. मागच्या डाव्या दरवाजाच्या हँडलपाशी, कारण उतारू फुटपाथच्या बाजूने चढ-उतार करतात. मागचा उजवा दरवाजा त्या मानाने नवाकोरा. मीटर डावीकडे बाहेर असायचा. मीटर पाडायला मामा सीटवरून झुकून हात बाहेर काढायचा, तेव्हा त्या खिडकीची कडही झिजायची. टपावर कॅरिअरच्या पायांशी बॅगा घासल्याचे ओरखडे. आणि सगळ्या गाडीभर, उंचवट्यांवर, रोजच्या ओल्या फडक्याने पातळ झालेला रंग.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी वापराने झिजते, तशीच ती काळजी घेतल्यानेही झिजते. पुसण्याचीही खूण राहते. वेदरिंगच्या शब्दसंग्रहात ऊन आहे, पाऊस आहे, चिखल आहे, फडकं नाही. म्हणून त्यातून बनलेल्या गाड्या कितीही कसबी असल्या तरी माणसाने सोडून दिल्यासारख्या दिसतात. माझ्या मते ही तंत्राची उणीव नाही, नजरेची आहे.

आता याला थोडी निकडही आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. तेव्हा जन्मलेल्या मुलाला ती फोटोत, सिनेमात आणि आपण रंगवतो त्या मॉडेलांतच भेटणार. आपण सगळ्या गंजवून ठेवल्या तर त्याला वाटेल, ही गाडी चालवणाऱ्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

दुसरी पद्मिनी मी गेल्या महिन्यात केली. आधी पांढरा प्रायमर, कारण पिवळा रंग गडद पायावर खुलत नाही. पिवळं टप आधी, मग ते टेपने झाकून खालचा काळा. काळे दोन, एक अर्धचकचकीत आणि डाव्या पुढच्या मडगार्डवर एक चकचकीत ठिगळ. क्रोमच्या पट्ट्यांना चिकट फॉइल. मागच्या डाव्या हँडलभोवती रंग घासून प्रायमरपर्यंत नेला, उजव्याला हातही लावला नाही. गंज शून्य. गंजवाल्या मित्राला ती अर्धवट वाटली, शोरूमवाल्याला खराब. मला वाटतं, दोघांनाही ती न आवडणं हे ठीकच लक्षण आहे.

मामाकडे न्यायची घाई झाली. क्लिअर कोट आठवडाभर तरी वाळू द्यायला हवा होता, मी दुसऱ्याच दिवशी नेली. त्याने ती हातात घेतली आणि काही बोलला नाही. डाव्या हँडलवरून नख फिरवलं. मग शर्टाचं टोक ओढून सवयीने टप पुसलं.

"मामा, थांब!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. मऊ क्लिअरवर कापडाच्या विणीचा बारीक ठसा उमटला, नखाएवढा.

२००० ग्रिटचा कागद मी टेबलावर काढून ठेवलाय. दोन आठवडे झाले, तो तसाच पडून आहे.