गिरणी संप : कायद्याकडे पाठ फिरवलेले कथन

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपावर आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात बहुधा दोनच पात्रे ठळक दिसतात : हट्टी दत्ता सामंत आणि निष्ठुर मालक. जयंत पवारांचे 'अधांतर' कामगाराच्या घराची पडझड समर्थपणे दाखवते, हे मान्य. पण सुमारे अडीच लाख कामगारांना आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरवण्याची मुभा का नव्हती, हा प्रश्न मागेच राहतो.

त्याचे उत्तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. या कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली; मुंबईच्या गिरण्यांत ती काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, वाटाघाटीचा अधिकार मात्र संघाकडे! म्हणूनच हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मागणी होती. शासनाने संपच बेकायदा ठरवला.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसह ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप केला. काम नाकारणे हा गुन्हा ठरवला की मजूर गुलाम होतो, हा त्यांचा विधिमंडळातला मुद्दा. आणि हे त्याच पुढाऱ्यांसोबत, ज्यांच्याशी १९२८ च्या संपात त्यांचा वाद झाला होता. वाद होता साचेखात्याचा, म्हणजे विणकामाचा. तिथे मजुरी जास्त. पण धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्याला मज्जाव. हा मज्जाव शासनाचा नव्हता, सवर्ण सहकामगारांचा होता. शासनाला विरोध केला की न्याय आपोआप येतो असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे.

रहिमतपूरसारख्या साताऱ्याच्या गावांतून गिरणीत गेलेल्यांचा विचार करा. संप लांबल्यावर ज्याची गावी जमीन होती तो दाण्यापुरता तरी तगला. भूमिहीन दलिताला परक्याचे शेत, नाहीतर रोजगार हमीची खडी. तिथे मस्टर शासनाचे, दरही शासनाचाच. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट. पण मजुरी ठरवणारा आणि देणारा एकच असेल तर भांडायचे कोणाशी?

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार सभासद असलेली संघटना वाटाघाटीची एकमेव संघटना ठरते. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीसही लागते. उसाच्या फडात, वीटभट्टीवर जिथे हजेरीपटच धड नाही, तिथे हे ५१ टक्के कशाचे मोजणार?