वाट देणाऱ्यांचं पुस्तक

नियमपुस्तकाचंही रसग्रहण करता येतं. शिडाच्या बोटींच्या शर्यतींचं नियमपुस्तक तर त्या मानाला नक्की पात्र आहे, असं मला मनापासून वाटतं. ‘द रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग’ हे त्याचं नाव. वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी त्याची नवी आवृत्ती काढते. सध्याची १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहे आणि २०२८ अखेरपर्यंत चालेल. ऑलिंपिकमध्ये हेच पुस्तक चालतं, आणि अमेरिकेत एखाद्या हॉस्पिससाठी पैसा उभा करायला शनिवारी सकाळी भरवलेल्या शर्यतीतही हेच. मला ते वाचायला आवडतं ते या दुसऱ्या, धर्मादाय शर्यतींच्या बाजूने. ऑलिंपिकमध्ये नियम कडक असणारच, त्यात नवल नाही. पण जिथे काम पुण्याचं आहे, जमलेले सगळे भले आहेत आणि देणगीदार काठावर उभे आहेत, तिथे नियम सैल करायचा मोह होतो. पुस्तकाचा कस तिथे लागतो.

अशा शर्यती अमेरिकेत चांगल्या रुजल्या आहेत. मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला चेसापीक उपसागरात १९८२ पासून ‘हॉस्पिस कप’ होतो. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची वेदना कमी करणाऱ्या संस्थांना त्यातून मदत मिळते. (आपल्याकडे हे काम १९८६ मध्ये वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाने सुरू केलं.) पुढे इतर शहरांनीही आपापल्या हॉस्पिस शर्यती भरवल्या, आणि त्यांतून निवडून आलेल्या संघांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं. रक्ताच्या कर्करोगावरच्या कामासाठी निधी उभारणाऱ्या ‘ल्युकेमिया कप’ची शर्यतमालाही अशीच, गावोगावच्या यॉट क्लबांच्या आधाराने चालणारी. तिचे राष्ट्रीय अध्यक्ष गॅरी जॉबसन १९७७ साली टेड टर्नरच्या ‘करेजस’ बोटीवर डावपेच आखत होते आणि त्या बोटीने अमेरिकाज कप हा मानाचा करंडक राखला होता. जॉबसन या कामाला लागले तेव्हा धडधाकट होते. २००३ मध्ये त्यांना स्वतःलाच लिम्फोमा, म्हणजे त्याच जातीचा कर्करोग, झाला. त्यातून ते बरे झाले आणि काम चालूच राहिलं.

या शर्यतींचं सूचनापत्रक, म्हणजे ‘नोटीस ऑफ रेस’, हातात घ्या. तारखा, प्रवेश शुल्क, संध्याकाळचं जेवण, लिलाव, देणगी कुठे भरायची, हे सगळं त्यात असतं. पण सुरुवातीलाच एक कोरडं वाक्य असतं: ही शर्यत रेसिंग रूल्सनुसार चालेल. माझ्या लेखी सगळ्या पत्रकाचं वजन त्या एका वाक्यावर आहे. कारण पुस्तकाच्या शेवटच्या भागात आयोजकांचे हात बांधलेले आहेत. काय बदलता येईल आणि काय नाही, ते तिथे नेमकं लिहिलंय. शर्यतीची लांबी, फेऱ्यांची संख्या, गुणांची पद्धत यांत आयोजकांना मोकळीक आहे. मूलभूत नियमांचा पहिला भाग आणि बोटी एकमेकींसमोर येतात तेव्हाचा दुसरा भाग यांना मात्र त्यांनी आपल्या मर्जीने हात लावायचा नाही. सगळ्यात मोठी देणगी आणणाऱ्या बोटीलाही सुरुवातीच्या रेषेवर हातभर पुढे उभं राहता येत नाही.

म्हणून चांगल्या धर्मादाय शर्यतीत दोन वह्या असतात आणि त्या एकमेकींना शिवत नाहीत. एका वहीत पाण्यावरचे निकाल, दुसरीत गोळा केलेला पैसा. ल्युकेमिया कपमध्ये जास्त निधी जमवणाऱ्यांना जॉबसनसोबत शिडं उभारून फिरायला जायचं निमंत्रण मिळतं. मला हे बक्षीस फार सुंदर वाटतं. शर्यतीतला एकही गुण न देता देणाऱ्याचा मान राखलेला आहे, आणि दिलंय तेही शिडाचंच सुख.

आता पुस्तकात शिरू. शेकडो तरतुदींच्या आधी खिलाडूपणाचं एक छोटं कलम आहे. नियम पाळायचे खेळाडूंनी आणि ते पाळले जातायत हे बघायचंही खेळाडूंनीच. आपल्या हातून नियम मोडला तर ताबडतोब स्वतःहून दंड घ्यायचा, गरज पडली तर शर्यत सोडायची. पाण्यावर पंच नसतोच असं नाही, पण बहुतेक शर्यतींत प्रत्येक बोटीमागे पंच फिरत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटची कड घेऊन गेल्यावर पंचाकडे न बघता तंबूत परतणाऱ्या फलंदाजाच्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं सांगतो. इथे तशा परतण्यालाच नियम केलंय.

आणि तो दंड कसा आहे, ते बघा. दुसऱ्या बोटीची वाट अडवली तर ‘टू-टर्न्स पेनल्टी’: इतर बोटींपासून बाजूला व्हायचं आणि लगेच, एकाच दिशेने, दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. प्रत्येक गिरकीत एक टॅक, एक जाइब. म्हणजे एकदा बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवायचं आणि एकदा तिची शेपटी. वळणाच्या बोयाला नुसता धक्का लागला तर एक गिरकी पुरते. अंगावर वारा असताना हे करणं म्हणजे काय, ते बोटीत बसलेल्यालाच कळतं. शिडं फडफडतात, दोर सुटतात, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून सपकन जातो, सगळे खाली वाकतात, आणि तेवढ्यात चार-पाच बोटी निघून जातात. दंड पैशाचा नाही, अपमानाचाही नाही. गेलेल्या वेळेत आणि अंतरात तो फिटतो, आणि फिटला की विषय संपतो. पण कुणाला इजा झाली, बोटीचं मोठं नुकसान झालं किंवा चुकीतूनच मोठा फायदा पदरात पडला, तर गिरक्या पुरत नाहीत. शर्यत सोडावी लागते. शिक्षेला इतकं नेमकं माप फार कमी नियमपुस्तकांत दिसतं.

दुसऱ्या भागाचं शीर्षकच बोटींच्या भेटीवर आहे आणि तो मला सगळ्यांत आवडतो. डावीकडून वारा घेऊन जाणाऱ्या बोटीने उजवीकडून वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची, हा पाया. दोघींना वारा एकाच बाजूने असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या बोटीने सरकायचं. मागून येणारीने पुढचीला सांभाळायचं. इथपर्यंत व्यवहार झाला. खरी गंमत पुढच्या कलमात आहे: वाटेचा हक्क असलेल्या बोटीनेही टक्कर टाळायची. समोरची वाट देत नाही हे स्पष्ट होईपर्यंत तिने थांबावं, पण स्पष्ट झालं की हक्क बाजूला ठेवून वळावं. आपलं खरं असतानाही धडक मारायची नाही, आणि तरी आपलं खरं होतं हे नंतर मांडायची सोय ठेवायची. त्यासाठी ‘प्रोटेस्ट’ अशी हाक द्यायची आणि बोट सहा मीटर किंवा त्याहून लांब असेल तर लाल निशाण लावायचं. सुनावणी किनाऱ्यावर होते, दोन्ही बाजू समोर बसवून. कागदावर बोटींची चित्रं काढत, वारा कुठून होता, कोण कधी वळलं, हे लोक तिथे तासन्‌तास मांडत बसतात. हॉस्पिससाठीच्या शर्यतीतही ते व्हायला हवं असं माझं मत आहे. ‘चांगल्या कामासाठी आलोय, सोडून द्या’ म्हणणारा माणूस प्रामाणिकपणे शर्यत करणाऱ्यावर अन्याय करतो.

एक तक्रारही नोंदवतो. बोयापाशी कुणी कुणाला जागा द्यायची, हा अठरावा नियम वाचताना दम लागतो. तीन बोटलांब्यांचं वर्तुळ, त्यात आधी कोण शिरलं, शेजारी कधी आलं, अपवाद, अपवादाचे अपवाद. व्याख्या ठरलेले शब्द तिरप्या अक्षरांत छापायची शिस्त इथे उपयोगी पडते खरी, पण पान तिरप्या अक्षरांनीच भरतं. नवख्या माणसाने हे पान निदान दोन मोसम पाण्यावर घालवून मग वाचावं.

धर्मादाय शर्यतीचा दुसरा कणा म्हणजे हँडिकॅप. इथे सगळ्यांकडे सारख्या बोटी नसतात. नवी कोरी रेसर असते आणि आजोबांच्या काळातली, पोटात स्वयंपाकघर असलेली जड बोटही असते. अमेरिकेत त्यासाठी पीएचआरएफ ही पद्धत चालते. प्रत्येक बोटीला एक आकडा असतो: मैलामागे किती सेकंद सूट. जे-२४ या चोवीस फुटी बोटीचा आकडा साधारण १७० च्या घरात असतो, प्रांतागणिक थोडा बदलतो. समोर ९० आकड्याची मोठी बोट आहे असं धरा. फरक मैलामागे ८० सेकंदांचा. सहा सागरी मैलांच्या शर्यतीत ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटं. मोठी बोट आठ मिनिटांहून कमी अंतराने पुढे पोचली, तर जिंकली ती छोटी. त्यामुळे घरातली माणसं, बारा वर्षांची मुलगी, जुनी शिडं, असा संच घेऊन आलेल्या कुटुंबालाही शर्यतीत खरोखरची आशा असते. ही दया नाही, हिशोब आहे. निधी गोळा करायला आलेल्या माणसांना खऱ्या स्पर्धेत उभं करायची ताकद या एका आकड्यात आहे. (आयोजकच बोटी पुरवणार असतील तर त्या एकाच जातीच्या निवडतात आणि संघांमध्ये आलटून-पालटून देतात. मग आकड्याची गरज उरत नाही.)

सुरुवातीचा विधीही देखणा आहे. पाच मिनिटं आधी वर्गाचं निशाण चढतं. चार मिनिटं उरली की निळं, मधोमध पांढरा चौकोन असलेलं ‘पी’ निशाण येतं. एक मिनिट राहिलं की ते उतरतं आणि वर्गाचं निशाण उतरलं की शर्यत सुरू. प्रत्येक वेळी भोंगा वाजतो, पण वेळ निशाणावरून धरायची. भोंगा वाजलाच नाही तरी तक्रार चालत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा.

आणि आता पहिल्या नियमाचं पहिलं उपकलम. धोक्यात असलेल्या माणसाला किंवा बोटीला शक्य ती सर्व मदत करायची. वाटेच्या हक्काच्याही आधी, शर्यतीच्याही आधी. हे नुसतं सुविचारासारखं वर टांगलेलं नाही. पुढे जिथे भरपाईचं कलम येतं तिथे मदतीत वेळ घालवलेल्या बोटीला तो नुकसानभरपाईने परत मिळतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये, बुसानच्या पाण्यात, कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन वर्गात दुसरा चालला होता. वारा भयंकर वाढलेला. सिंगापूरच्या दोन खेळाडूंची बोट उलटलेली त्याला दिसली. त्याने शर्यत सोडून त्यांना वाचवलं, गस्ती बोट येईपर्यंत थांबला आणि मग उरलेलं अंतर काटलं. त्या फेरीत त्याला दुसरं स्थान परत दिलं गेलं. एकूण यादीत तो अकरावा आला आणि त्याला पिअर द कुबेर्तँ पदक मिळालं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ बोटीवरचा भारताचा अभिलाष टॉमी पाठीला दुखापत होऊन हिंदी महासागरात पडून होता. आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्या स्वतःच्या बोटीच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या. तरी जोडकामाचं शीड उभारून तो त्याच्या दिशेने निघाला. अखेर टॉमीला फ्रेंच गस्ती जहाजाने उचललं.

या कलमाचं सगळ्यात स्वच्छ गणित ‘व्हांदे ग्लोब’ या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दिसलं. ३० नोव्हेंबर २०२० ला केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला केव्हिन एस्कॉफिएची बोट दुमडली. त्याला शोधायला वळलेल्यांपैकी तिघांना ज्यूरीने तास परत दिले: ज्याँ ल कॅमला १६ तास १५ मिनिटं, यानिक बेस्तावेनला १० तास १५ मिनिटं, बोरिस हेरमानला ६ तास. जानेवारी अखेरीस शार्ली दालँ सगळ्यांत आधी किनाऱ्याला लागला, बेस्तावेन तिसरा आला. पण तास वजा केल्यावर बेस्तावेन जिंकला, अडीच तासांनी.

हाच नियम चेसापीकच्या सहा मैलांनाही लागू आहे. उलटलेल्या डिंगीतल्या पोरांना उचलायला कुणी वळलं आणि मागे पडलं, तर समितीने भरपाई द्यायची. पुष्कळदा ती इतर फेऱ्यांतल्या गुणांची सरासरी असते. त्यासाठी बोटीने किनाऱ्यावर येऊन मुदतीत अर्ज करावा, आणि अर्जात कुणाला उचललं आणि वेळ किती गेला, एवढं लिहिलं तरी समितीला सुनावणी सुरू करता येते.