तीन दिवसांची मुदत

कायद्याच्या एखाद्या कलमाचे ग्रंथाप्रमाणे परीक्षण करावे, हा विचार कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या वाक्यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांतील सलोखा अवलंबून असतो, त्याचे शब्द काव्यातील शब्दांइतकेच पारखून घेतले पाहिजेत.

1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात 1870 पासून अमलात आला. त्याच्या 2317 व्या कलमाचा आशय असा: हद्दीपासून कितीही अंतरावर झाड लावण्यास मुभा आहे, मात्र त्याच्या फांद्या किंवा मुळे शेजारच्या जमिनीत आली, तर तो शेजारी ती हद्दीच्या उभ्या रेषेपर्यंत तोडू शकतो. परंतु त्याने आधी झाडाच्या मालकास विनंती केली पाहिजे आणि तीन दिवस वाट पाहिली पाहिजे.

आमच्या लाटंबार्से गावापलीकडे दोडामार्ग तालुका लागतो. 1961 पूर्वी ही दोन राजवटींची सीमा होती, आणि कायदाही तेथेच बदलत असे. पलीकडची न्यायालये इंग्रजी तत्त्वांच्या छायेत वाढलेली. ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेने 1894 साली ठरविले की, आपल्या जमिनीत उभे राहून वर आलेली फांदी तोडावयाची असेल, तर मालकास आगाऊ सूचना देण्याचे कारण नाही. हक्काच्या दृष्टीने हा निवाडा चोख आहे. परंतु त्यात शेजारी कोठेच नाही. आहे ती केवळ हद्द.

पोर्तुगीज कलमात मात्र ‘रोगादु’, म्हणजे ‘विनवलेला’, असा एक शब्द आहे. माझ्या मते त्या कलमाचा सारा प्राण या एका शब्दात आहे. हक्क बजावण्यापूर्वी गडगा ओलांडून चार शब्द बोलावे, एवढी माणुसकी त्याने कायद्यात आणली.

तथापि त्याचा दोषही सांगितला पाहिजे. ते रेषा जाणते, झाड जाणत नाही. रेषेपर्यंतची मुळे तोडलेला जुना फणस पहिल्याच पावसाळी वाऱ्यात कोणाच्या घरावर कोसळेल, याचा विचार त्यात नाही. झाडालाही समाजाचे संरक्षण हवे, हे गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने मान्य केले. झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली. परंतु परवानगी सरकारकडून मिळते. संमती शेजाऱ्याकडूनच मिळवावी लागते.

वकिलीच्या आरंभीच्या काळात एका आंब्याच्या फांदीवरून मी अशीच एक कडक नोटीस लिहिली होती. तिच्यात कायद्याचा एकही शब्द चुकला नव्हता. फांदी गेली, पक्षकार संतुष्ट झाला. पुढे चवथ आली. ज्या घरातून वर्षानुवर्षे माटोळीसाठी फळे येत, त्या घरातून त्या वर्षी कोणीही आले नाही. आपण जिंकलो ते काय, हा प्रश्न तेव्हा माझ्या पक्षकाराला पडला की नाही कोण जाणे. मला मात्र पडला, आणि अद्याप सुटलेला नाही.

आपण देवापुढे उभे राहून गाऱ्हाणे घालतो, गावाचे कल्याण मागतो. शेजाऱ्यापुढे उभे राहण्यास मात्र आपणांस वकील लागतो. नोटीस लिहून घेण्यासाठी आलेल्या प्रत्येकास मी आता प्रथम एकच विचारतो: “त्याला सांगून पाहिलेत का?” बहुतेक जण खाली पाहतात. मग मी त्यांना तीन दिवसांनी येण्यास सांगतो. त्यांतील काही परत येतच नाहीत. आणि बुडालेल्या त्या फीचे मला दुःख होत नाही.