दहा उपाय केले, पण कशाने काय झालं?

संशोधन पद्धतीवर बोलताना आज उदाहरण घरचंच घेतोय. दिवाळीत शहागडला गेलो होतो. धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर ऑनलाइन गेम खेळतो आणि रोज संध्याकाळी ऐन रंगात आलेला डाव कनेक्शन तुटून बंद पडायचा. 'आपल्या गावात नेट असंच चालायचं,' हा घरातला निष्कर्ष. तपासणी शून्य!

त्याच्याकडे एक व्हिडिओ होता, 'दहा खात्रीशीर उपाय' छापाचा. राउटर बंद-चालू करा, डीएनएस बदला, ड्रायव्हर अपडेट करा, फायरवॉल बंद करा वगैरे. रात्री अकरापर्यंत आम्ही दहाही उपाय केले आणि गेम मस्त चालला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच.

अशा याद्यांमधले सगळेच उपाय खोटे नसतात. माझा आक्षेप त्यांच्या पद्धतीवर आहे.

पहिला आक्षेप: निदानाआधीच औषध. बिघाड घरात असू शकतो, घरापासून पुढच्या लाईनवर असू शकतो किंवा गेमच्या सर्व्हरकडे. यादी हा फरकच करत नाही. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देणं. पत्ता मिळून डाव सुरू झाला की गेमचा डेटा थेट त्या पत्त्यावर जातो. मग मधेच तुटणाऱ्या डावाला डीएनएस बदलून काय फायदा? आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. सर्व्हर तिकडे असेल तर कोणतीही सेटिंग हा आकडा याखाली आणू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला हे कळणार कसं? शिवाय अकरावी गोष्टही बदलली होती, ती म्हणजे वेळ. रात्री अकराला घरातले सगळे मोबाइल शांत असतात.

मग आम्ही काय केलं? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' लिहून 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे राउटरचा पत्ता पाहिला. त्या पत्त्याला पिंग केलं. विंडोज एरवी चारच पॅकेट पाठवतं; आम्ही शंभर पाठवली. वेळ तीच, संध्याकाळची. आधी वाय-फायवर, मग लॅन केबल लावून, पुन्हा वाय-फाय, पुन्हा केबल. बदल फक्त एक. दोन्ही वेळा वाय-फायवर पॅकेट हरवली, दोन्ही वेळा केबलवर एकही नाही. बिघाड समोरच्या खोलीतला राउटर आणि मागच्या खोलीतला कॉम्प्युटर यांच्या मधे होता. गावाचा काही दोष नव्हता!

याचीही मर्यादा बघा. राउटरला केलेला पिंग फक्त घरापुरतं सांगतो. तिथे सगळं ठीक निघालं, तर पुढचा टप्पा तपासायचा. आणि काही सर्व्हर मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत. उत्तर नाही म्हणजे सर्व्हर बंद, असं लिहून मोकळं होऊ नका.

तुम्ही म्हणाल, गेमसाठी एवढा खटाटोप कशाला? एक तर त्या यादीपायी आमची फायरवॉल रात्रभर बंद राहिली, आणि त्याच कॉम्प्युटरवर आईचं बँकेचं काम चालतं. दुसरं म्हणजे, माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण गाईडनी नेमक्या याच कारणासाठी परत केलं होतं. तीन गोष्टी एकदम बदलून मी श्रेय मात्र मला आवडणाऱ्या एकीला दिलं होतं. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. भावाच्या व्हिडिओला हसताना ते आठवलं, आणि हसू आवरलं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी घरातली एक बिघडलेली गोष्ट घ्या. तक्रार एका वाक्यात लिहा, आधीचा आकडा नोंदवा, एकच गोष्ट बदला आणि नंतर ती पूर्ववत करून पुन्हा मोजा. बिघाड परत आला, तरच कारण सापडलं असं म्हणा.